दिलं... घेतलं

जरा जवळ बसा. मला मोठ्याने बोलता येत नाही. वर्गात 'हजर' म्हटलं तरी बाई दोनदा विचारतात. दिवा असू दे तसाच.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. बाबा जवळचा चष्मा घरी विसरले होते. मी शाळेतून आले तर आई चष्मा घेऊन दारातच उभी. म्हणाली, "सायकलवर जा आणि देऊन ये. त्याच्याशिवाय त्यांना घड्याळातले काटे दिसत नाहीत, आणि तिथे तर समोर सगळे काटेच."

माझे बाबा खाजगी विमानं चालवायचे. मोठी प्रवासी विमानं नव्हेत. कंपन्यांची, श्रीमंत माणसांची, सहा-आठ जण बसतील अशी. रविवारी त्यांचे मित्र घरी जमले की दुसऱ्यांच्या घरी नातेवाइकांबद्दल बोलतात तसं विमानांबद्दल बोलायचे. एका इंजिनाचं जुनं विमान म्हणजे टमटम. आवाज फार, पण कधी दगा देणार नाही. पेशंट नेणारं दोन पंख्यांचं विमान म्हणजे मावशी. जड, संथ, कसल्याही धावपट्टीवर पदर खोचून उतरणारी. आणि बाबा शेवटी चालवत होते ते छोटं जेट म्हणजे नवरी. पांढरं शुभ्र, आत मऊ कातड्याच्या खुर्च्या. "दिसायला नाजूक," पानाकाका म्हणायचे, "पण जरा दुर्लक्ष केलंत की रुसून माहेरी." पानाकाका तिथले मेकॅनिक. त्यांच्या खिशात कायम पाना असतो. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे.

माझा दादाही पायलट होता. बाबांनीच शिकवलेला.

दोन पायलट असले की दोघांच्याही समोर एकेक हँडल असतं, आणि दोन्ही आतून जोडलेली. एक हललं की दुसरं हलतं. म्हणून विमान कुणाच्या हातात आहे ते तोंडाने सांगायचं असतं. एकाने द्यायचं, दुसऱ्याने घेतल्याचं सांगायचं, आणि ते ऐकल्याशिवाय पहिल्याने हात सोडायचा नाही. त्याची ठरलेली इंग्रजी वाक्यं आहेत. आमच्या घरात त्यांचं 'दिलं' आणि 'घेतलं' झालं होतं. गरम पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात जायचं तेव्हासुद्धा. आई वैतागायची, "या घरात मीठ मागायलाही लायसन्स लागतं!" मला सायकल शिकवताना दादाने मागून सीट धरली होती आणि सांगितलं होतं, तू 'घेतलं' म्हणालीस की सोडतो. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. बिचारा अख्खं मैदान धावला.

दादाला एकच खोड. डावा हात जड. विमान त्याच्या हातात असलं की हळूच डावीकडे झुकायचं, सावरायचं, परत झुकायचं. "डावा हात हलका ठेव रे," बाबा त्याला जेवतानासुद्धा म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात ते दोघं एका कंपनीचं रिकामं विमान परत आणत होते. विमान दादाच्या हातात होतं. उतरताना वाऱ्याचा झोत आला आणि बाबांनी हँडल धरलं. न बोलता. दादाने सोडलं नाही. त्याला वाटलं असेल, वाराच ओढतोय. बापलेक एकमेकांच्या विरुद्ध ओढत राहिले आणि पंख जमिनीला टेकला.

बाबा चालत बाहेर आले. दादा नाही आला.

चौकशीत वाऱ्यावर ठपका आला, बाबांना लायसन्स परत मिळालं. त्या बनावटीच्या विमानाकडे मात्र ते पुन्हा फिरकले नाहीत. आधी टमटम चालवली, मग मावशी. "विमानं बदलून काय होतंय," आई एकदा भांडी पुसताना म्हणाली. कुणाला म्हणाली, कोण जाणे.

मावशीवर बाबांबरोबर एक को-पायलट ताई होती. एका दुपारी ती घरी आली आणि कपाची कड बोटाने फिरवत बसली, चहा गार झाला. मग म्हणाली, "काकू, सर मधूनच 'दिलं' म्हणतात. म्हणजे काय?"

आईचा हात थांबला. "का गं?"

"असं म्हणतात आणि माझ्याकडे बघतही नाहीत. मी काही बोलायच्या आत हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणतं... 'घेतलं'."

ती पुन्हा बाबांबरोबर उडाली नाही. बाबा म्हणाले, दमली असेल पोर. मग त्यांनी नवरी धरली. नवरीला एकच पायलट पुरतो.

तेव्हापासून ते घरात पाहुण्यासारखे असायचे. ताटातलं निवडत बसायचे. पण उडून आलेल्या दिवशी चेहरा निवळलेला असायचा, कुणाला तरी भेटून आल्यासारखा. आईला त्या चेहऱ्याचीच भीती वाटायची. "हा माणूस एक दिवस वरच राहील," ती मला म्हणाली होती.

तर मी चष्मा घेऊन गेले. ऊन उतरलं होतं. हँगरमध्ये केरोसीनचा आणि तापलेल्या रबराचा वास होता. नवरीचे मालक उतरून गेले होते, आणि बाबांना रिकामं विमान पलीकडच्या विमानतळावर तपासणीसाठी न्यायचं होतं.

"येतेस?" बाबा अचानक म्हणाले. "दादा नेहमी म्हणायचा, हिला एकदा नेऊ या."

कितीतरी दिवसांनी त्यांनी त्याचं नाव काढलं होतं. मी मान हलवली.

"मी जीप घेऊन पुढे होतो," पानाकाका म्हणाले. "येताना तिघं रस्त्याने येऊ." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उजवीकडे बसणार? बस. पण कशाला हात लावू नकोस."

उजवीकडची सीट पार मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी असावी तशी. मी ती पुढे घ्यायला लागले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "परत मागे घ्यावी लागते."

जीप गेल्यावर तासाभराने आम्ही उडालो. वर गेल्यावर सगळं शांत झालं. खाली शेतांचे चौकोन काळपट होत होते, एकेक दिवा लागत होता. बाबांनी मला एक छोटा हिरवा दिवा दाखवला. "हा लागलेला असला की विमान आपलं आपण चालतं." मग त्यांनी एक बटण दाबलं. दिवा विझला. त्यांनी दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघतच म्हणाले,

"दिलं."

हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. मग ती खरखर जरा थांबली, कुणी बोलायला श्वास घेतल्यासारखी.

"घेतलं."

माझ्या समोरचं हँडल हळूच डावीकडे झुकलं. सावरलं. परत झुकलं.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. बाबांकडे बघितलं, तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र... तो चेहरा मी घरी पाहिलेला होता.

"डावा हात हलका ठेव रे," ते पुटपुटले.

पलीकडच्या तळाचे दिवे दिसू लागले, पायाखालून सरकले, मागे गेले. तिथल्या टॉवरवरून हेडफोनमध्ये आम्हाला हाक आली. पुन्हा आली. बाबांचे हात गुडघ्यांवरच होते.

"बाबा... तळ मागे गेला."

"देईल तो. धावपट्टी दिसली की स्वतःच देतो. रोज देतो."

"आज नाही देत..."

"मग राहू दे थोडा वेळ." त्यांचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "मी नाही मागणार. एकदा हिसकावून घेतलंय मी."

समोर डोंगराची कड काळी होत होती. आमचं नाक तिच्याकडे होतं आणि विमान हळूहळू खाली येत होतं, डावीकडे झुकत, सावरत. टॉवरवरचा माणूस आता भराभर बोलत होता. घरी आई कणीक मळत असेल, मला एवढंच सुचत होतं.

मी हँडल धरलं. पानाकाकांनी सांगितलेलं असूनही धरलं. ते ऊबदार होतं, नुकतंच कुणाच्या मुठीत असल्यासारखं. मी ओढलं, तर तेही उलट ओढलं गेलं. मी झटकन ओढणं थांबवलं.

"दादा, दे ना," मी म्हणाले. घरी सायकल मागायचे तसं.

काही झालं नाही. मग मला ते मैदान आठवलं. नुसतं मागून तो देणारच नव्हता. तो शब्द म्हणायला हवा होता.

पहिल्यांदा ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

"घेतलं."

हँडल सैल झालं आणि सगळं विमान माझ्या तळहातांवर आलं. कानात, अगदी जवळ, तो बोलला. दम लागला होता त्याला, अख्खं मैदान धावून आल्यासारखा.

"दिलं..."

बाबांनी दचकून डोळे उघडले. मग काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. त्यांचे हात आले, डोंगर खिडकीतून बाजूला गेला, ते टॉवरशी बोलले, दिवे परत समोर आले. चाकं टेकली तेव्हा माझी बोटं त्यांनी एकेक करून हँडलवरून सोडवली.

इंजिनं बंद झाल्यावर त्यांनी हेडफोन काढला. म्हणाले, "तुझ्यासाठी थांबला होता." मग एकदम माझ्याकडे वळले. "मी घेतलं तेव्हा तू 'दिलं' म्हणालीस?"

मी मान हलवली. नाही.

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात पानाकाकांनी बाहेरून दार उघडलं. "काय हो साहेब, मागे कुठे गेला होता? आणि डावीकडे किती झुकत आलात! मी खालून बघत होतो. वाटलं, आपला..." त्यांनी खिशातला पाना उगाच चाचपला.

त्यानंतर बाबा उडाले नाहीत. आता ते मुलांना वर्गात शिकवतात, फळ्यावर. जेवताना दुसऱ्यांदा भात मागतात. परवा हसलेसुद्धा. आईला आता शांत झोप लागते. तिला मी काही सांगितलेलं नाही.

आमच्या घरात ते दोन शब्द आता कुणी म्हणत नाही. बाबा भाजीचं भांडं मागतात, मी मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवते, आणि ते भांड्याऐवजी माझ्या डाव्या हाताकडे बघतात. एक शब्द म्हटला की दादा माझ्या हातातून सुटेल, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. पण मी 'दिलं' म्हणाले, तर घेणारे बाबाच. आणि बाबांनीही नाही घेतलं, तर दादा कुठे जाईल?

मी रोज सायकलवरून शाळेत जाते. शेवटच्या कोपऱ्यावर हँडल हळूच डावीकडे झुकतं. सावरतं. परत झुकतं. पानाकाकांनी चाकं बघितली, बेअरिंग बदलून दिलं. म्हणाले, सायकलीत काही खोट नाही.

माझी शाळा उजवीकडे आहे. डावीकडचा रस्ता विमानतळावर जातो.

मी हँडल रोज उजवीकडे ओढून घेते. हल्ली जरा जास्त जोर लावावा लागतो.