खुर्चीवरचं काटेरी बोंड

इंग्लंडातल्या हेरफर्डशरला लोक येतात ते सफरचंदाच्या बागा, काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांची गावं आणि पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गायी बघायला. ते सगळं बघून पाय दुखले, की बसवाला त्यांना वेक्सकूम हॉल नावाच्या जुन्या वाड्याच्या दारात आणून सोडतो. तिथे चहा मिळतो, आणि चहाआधी जुन्या सरदार घराण्याच्या खोल्या बघून घ्याव्या लागतात.

वरच्या मजल्यावरची निळी खोली एनिड प्रोबर्टची. म्हणजे मालकीची नव्हे. ती तिथली बिनपगारी राखणदार, एवढंच. पण नवरा गेल्यापासून एनिड गावात नुसती झोपायला जायची आणि जगायला या खोलीत यायची.

खोलीच्या खिडकीशी लेडी ऑगस्टाची खुर्ची होती. असल्या जुन्या खुर्च्यांवर 'बसू नका' अशी पाटी लावणं असल्या वाड्यांच्या लोकांना असभ्य वाटतं. ते बैठकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवून देतात. शहाण्याला ते दिसतं, बाकीच्यांना टोचतं. बोंड नाही त्या खुर्चीवर खुशाल बसायचं, हे राखणदारांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की बसण्याआधी दुसरं काही कुणी बघतच नसे.

ऑगस्टा त्या खुर्चीत बसून खाली बागेत फिरणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे आणि धाकट्या बहिणीकडे बघत राहायची. दिवसच्या दिवस. बघता बघताच गेली म्हणतात. ही गोष्ट एनिड हलक्या आवाजात सांगायची आणि सांगताना तिला मनापासून वाटायचं, की या बाईचं दुःख जगात फक्त आपल्याला कळलं आहे.

मग एका उन्हाळ्यात डिलिस बफ्टन नवी राखणदार म्हणून आली. गोल, हसरी, गुडघ्याने अधू, आणि रोज डब्यात लिंबाचा केक. आठवड्याभरात माळ्यापासून तिकीटवाल्यापर्यंत सगळे तिचे. तेही एनिडने गिळलं असतं. पण एक दिवस जेवून वर येते तो काय, डिलिस निळ्या खोलीत ऑगस्टाची गोष्ट सांगत होती आणि दोन बायका चक्क डोळे पुसत होत्या. एनिडच्या गोष्टीला आजवर कुणी डोळे पुसले नव्हते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, तू नव्हतीस म्हणून सांगितली," डिलिस म्हणाली. "राग नाही ना आला?"

"छे! माझ्या काय बापाची गोष्ट आहे?" एनिड म्हणाली, आणि त्या रात्री तिला अन्न गेलं नाही.

ऑक्टोबर सरत आला, वाडा हिवाळ्यापुरता बंद व्हायची वेळ आली, तेव्हा व्यवस्थापक ट्रिस्ट्रमने तिला बाजूला घेतलं. पोरगा भला होता, पण भल्या माणसांनाच असली कामं जमतात.

"एनिड, पुढच्या हंगामात निळी खोली डिलिसकडे देतोय. तुम्ही खाली स्वयंपाकघर बघा. उबदार आहे तिथे."

"तांब्याची पातेली राखू?"

"पातेलीही वारसाच आहे हो," तो हसून म्हणाला.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी बाहेर दाट धुकं होतं. दुपारीच दिवे लावावे लागले. खोलीला ओल्या लोकरीचा आणि जुन्या मेणाचा वास येत होता. एनिडने डिलिसला घटकाभर खोली सांभाळायला सांगितलं, आणि ती वर येण्याआधी ऑगस्टाच्या खुर्चीवरचं बोंड उचलून स्वेटरच्या खिशात टाकलं. गुडघा दुखणारी बाई उभी किती राहील? आणि त्या खुर्चीवर बसलेल्या राखणदाराला ट्रिस्ट्रमने कधी दुसरी संधी दिली नव्हती.

मग ती खाली गेली, ट्रिस्ट्रमला गाठलं, त्याच्यासमोर बसून सावकाश चहा प्यायली. "वर पडद्याला कसर लागलीय, जरा बघता का?" म्हणाली. जिना चढताना तिचं काळीज आनंदाने धडधडत होतं.

खोलीत पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते. डिलिसही उभी होती. खुर्ची रिकामी. डिलिसने एनिडला दारात पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू... तू तिकडून कशी आलीस?"

"कुठून? मी खाली होते."

"चेष्टा करू नकोस गं. आत्ता इथे बसली होतीस. मी म्हटलं, ऊठ बाई, ट्रिस्ट्रम बघेल... तू बोललीच नाहीस. नुसती खाली बागेत बघत होतीस. दात आवळून..."

"एनिड माझ्यासोबत होत्या," ट्रिस्ट्रम हळूच म्हणाला. त्याने वाकून बैठकीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. रेशीम उबदार होतं.

डिलिसने तिथल्या तिथे कोट चढवला. "तुझी खोली तुला लखलाभ, बाई! मला पातेली पुरे."

एनिडला भीती वाटायला हवी होती. तिला वाटली ती फक्त मजा. खोली राहिली!

वसंतात दारं उघडली, बसगाड्या पुन्हा येऊ लागल्या. पहिला घोळका निळ्या खोलीत शिरला तशी एनिड दाराशी उभी राहून गोष्ट सांगू लागली. कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे होती. मधूनच ते माना हलवत, एकदा हसले, शेवटी एका म्हाताऱ्याने रुमाल काढून डोळे टिपले. खुर्चीत एनिडला काही दिसत नव्हतं, काही ऐकूही येत नव्हतं.

रोज असंच होऊ लागलं. ती ऑगस्टा असो की आपलंच काही असो, ती आपल्यापेक्षा चांगलं सांगते, हे एनिडला सोसेना. डिलिसचा हेवा केला होता त्याच्या दसपट ती आता रिकाम्या खुर्चीचा करू लागली. दिवसभर दारातून तिच्याकडे बघत राहायची, दात आवळून.

एका संध्याकाळी शेवटच्या घोळक्यातली एक बाई बाहेर पडताना थबकली. तिने एनिडला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती सुरेख सांगतात हो तुमच्या बहीणबाई. अगदी तुमच्यासारख्याच दिसतात."

एनिडने तिची बाही धरली. "काय... काय सांगितलं तिने?"

"ती बागेतली गोष्ट. खिडकीतून बघण्याची." बाईने मागे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण शेवटी तुमच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचित्रच बोलल्या. म्हणाल्या, दारातली ती बाई माझ्या जागेवर टपलीय... पण पुढच्या हंगामात ती नसेल."