उणे ॲम्पियर

माझा साडू एका छापखान्यासाठी घरी बसून मुद्रितं तपासायचा आणि दुरुस्त्या फोनच्या तारेवरून मॉडेमने पाठवायचा. शब्दांतला माणूस, पण नको तिथे हात घालायची खोड. मॉडेमचा अ‍ॅडाप्टर जळला, तर नवा आणावा की नाही? यानं बाहेर ठेवायचा मॉडेम उघडला, त्याचा सर्किट बोर्ड कॉम्प्युटरच्या पेटीतच बसवला आणि तिथल्या पॉवर सप्लायमधून तार ओढली. मग मला बोलावलं, सप्लायला हा भार झेपेल का ते बघायला. मी वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. असले हौशी कारागीर मला डोळ्यांसमोर नको असतात. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून गेलो.

चौथ्या मजल्यावरची खोली, दुपारचं ऊन थेट टेबलावर. तरी तो स्वेटर घालून बसला होता. मनगटं काटकुळी झालेली. हल्ली फार थकवा येतो, हातपाय गार पडतात, म्हणाला. दिवसभर खुर्चीत बसून स्वल्पविराम शोधणाऱ्याला कसला आलाय थकवा, असं माझ्या मनात आलं आणि चेहऱ्यावरही दिसलं असणार.

त्यानं अंदाजाचा कागद पुढे केला. मदरबोर्ड, डिस्क, फ्लॉपी, पंखा, सगळ्यांचे वॉट शाळकरी अक्षरात मांडलेले. सप्लाय दोनशेचा, बेरीज एकशे वीसच्या आसपास. मॉडेमच्या आकड्यापुढे मात्र त्यानं उणे चिन्ह काढलं होतं.

मी हसलो. बाराचे नऊ व्होल्ट करून एक ॲम्पियर घेतलास तर फार तर बारा वॉट लागतील, त्यातले तीन नुसते तापण्यात जातील, असं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. खर्च कधी उणे नसतो, हेही.

"मोजलं तसं लिहिलं, दादा," तो म्हणाला.

मी माझा मीटर तारेच्या वाटेत जोडला. उणे ०.३१ ॲम्पियर, म्हणजे वीज मॉडेमकडून उलट सप्लायकडे. तारा उलट लागल्या असतील म्हणून पाहिलं, बरोबर होत्या. मीटर टॉर्चच्या बल्बवर लावून पाहिला, ठणठणीत. बाराचे नऊ व्होल्ट करणारा जो पुर्जा त्यानं मध्ये बसवला होता, त्याला बोट लावलं. चटका बसायला हवा होता. तो गार होता, ओला वाटावा इतका गार.

मी त्याला पाणी आणायला पाठवलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि आकडे चढू लागले. शून्य. मग ०.४०, अशा मॉडेमला लागावं तेवढं. पुर्जा तापला. तो पेला घेऊन आला, खुर्चीत बसला, आणि आकडा घसरत घसरत शून्याखाली गेला.

कुठेतरी सांधा ढिला असेल, माणूस चालला की तार हलत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सांधे सगळे तपासले. त्याच्या जोडकामात खोट सापडत नव्हती आणि ते त्याच्यासमोर कबूल करणं माझ्या जिवावर आलं.

"म्हणजे चालू ठेवू?" त्यानं विचारलं.

"ठेव. सप्लायला काही होत नाही."

बाराव्या दिवशी दुपारी मेहुणीनं शेजारच्या घरून फोन केला. ती चार दिवस मुलीकडे राहून परतली होती, आणि हा खुर्चीतून उठत नव्हता. आदल्या दिवशी मीही एकदा फोन लावला होता, सारखा एंगेज. रिसीव्हर नीट ठेवायचीही अक्कल नाही, म्हणून मी नाद सोडला होता.

लिफ्ट बंद होती. चार मजले चढून गेलो.

मेहुणी दारातच उभी होती. "भाऊजी, परवापासून अख्ख्या इमारतीत वीज नाही," ती म्हणाली. "मग हे कसं चालू आहे?"

मी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

आत स्क्रीन उजळलेली होती. पेटीच्या फटीतून मॉडेमचे लाल दिवे लुकलुकत होते.

तो ताठ बसलेला. बोटं कीबोर्डवर.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या. जाऊन एक दिवस तरी झाला असावा, म्हणाले.

मी खांदे धरले, डॉक्टरांनी पाय.

आम्ही त्याला खुर्चीतून उचललं, आणि पेटीतला पंखा हळूहळू मंदावत थांबला.