दुसरी वेळ

धावडा गावामागची टेकडी चढायला मोनालीला सात मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. तिच्या मोठ्या बहिणीला, संध्याला, सहा बावन्न. हा फरक घरात सगळ्यांना पाठ होता, कारण संध्या तो रोज जेवताना ऐकवायची.

"अठ्ठेचाळीस सेकंद गं मोने. तेवढ्यात माझी एक झोप होऊन जाते."

संध्या पोलीस भरतीची तयारी करत होती, मोनाली दहावीत. शाळेआधी दोघी निघायच्या. रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका नाकात घेऊनच पहिला चढ लागायचा. टेकडीला नाव नव्हतं, पण तिच्या तुकड्यातुकड्याला संध्यानं नाव दिलेलं. मुरमाचा घसरता पट्टा म्हणजे साबण. सीताफळीच्या झुडपांतून वळत जाणारी वाट म्हणजे वेणी. आणि शेवटचा उभा काळा कातळ, जिथं पोटऱ्या पेटायच्या, तो तवा. डोळे मिटून पळालं तरी पायांना कळायचं, आपण कुठं आहोत.

संध्याच्या मुठीत भोकरदनच्या बाजारातून आणलेलं स्टॉपवॉच असायचं. वर पोचली की ती बटण दाबायची. पिक. मग थांबायची, मोनाली धापा टाकत आली की पुन्हा पिक. रोज दोन आकडे.

तव्याच्या पायथ्यापर्यंत दोघी बरोबर असायच्या. तिथून पुढं सुटताना संध्या दर वेळी म्हणायची, "येते हं." घरातून निघताना म्हणतात तसं. 'जाते' म्हणायचं नाही, ही आईची, बेबीनंदाबाईंची शिस्त.

भरतीसाठी जालन्याला निघाली त्या दिवशी मात्र जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. संध्या चप्पल अडकवत पळाली आणि पळतापळता बोलून गेली, "आई, जाते गं."

"येते म्हण!" आई दारातून ओरडली. जीप वळणाआड गेली होती.

परतताना ती जीप उलटली. मैदानी चाचणीत संध्या पास झाली होती, हे आठ दिवसांनी कळलं. तिच्या बॅगेतून स्टॉपवॉच घरी आलं. काचेवर साधा चरासुद्धा नव्हता.

तीन महिने मोनाली टेकडीकडं फिरकली नाही. मग एक दिवस खेळाचे राजानंद सर घरी आले.

"सहा पंचेचाळीसच्या आत चढली तर जिल्ह्याच्या निवडीला नाव देतो. महिना आहे हातात."

आईच म्हणाली, "पळू द्या तिला, सर. घरात दोघींच्या वाट्याचं गप्प बसून राह्यली ती."

पहिल्या सकाळी साबणावर ती दोनदा घसरली. वेणीत दम लागला. तव्यावर चढताना, माथा अजून बराच वर असताना, मुठीत पिक वाजलं. वर पोचून तिनं बटण दाबलं आणि काचेत बघितलं.

६:५२. ७:४०.

घामानं बोट घसरलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळ रुमालात गुंडाळून कमरेला बांधलं. सहा बावन्नला रुमालातून पिक आलं. तिसऱ्या दिवशी ती तव्याखाली हात मोकळे सोडून नुसती बसून राहिली. तरी आलं. तिला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं, आणि मग, लाज वाटावी इतका, आनंद झाला.

आता ती पळायला लागली ते गाठण्यासाठी. सात एकतीस. सात अठरा. सात पाच. गुडघा सोलला, पोटरीत गोळे आले. पुढं कातळावरून बारीक खडे घरंगळत यायचे, आत्ताच कुणी पाय देऊन गेल्यासारखे. वर कुणी नसायचं.

सरांनी एकदा घड्याळ हातात घेऊन बघितलं. "बटण ढिलं झालं याचं. नवं घे."

"न्हाई सर. हेच बराबर आहे."

शनिवारी दोन्ही आकडे सारखे आले. ६:५२. ६:५२.

त्या रात्री ती धड जेवली नाही. सहा पंचेचाळीस म्हणजे आता संध्याला मागं टाकणं, हे तिला कळलं होतं.

रविवारी सर आपलं घड्याळ घेऊन वर जाऊन उभे राहिले. त्यांच्या शिट्टीवर मोनाली खालून सुटली. साबण. वेणी. वेणीत तिच्या श्वासाशेजारी दुसरा श्वास होता. पोटऱ्यांना चोळायच्या मलमाचा वास आला, संध्याच्या.

तव्याच्या पायथ्याशी तो श्वास अर्ध्या पावलानं मागं पडला.

मोनालीचे पाय थांबेनात.

"जा..." तोंडातून निघालं. तिनं जीभ चावली.

"येते हं," ती म्हणाली. "तू ये मागून."

"सहा एक्केचाळीस!" वर सर ओरडले. मोनालीनं बटण दाबलं. काचेत एकच आकडा. ती खाली वाकून वाट बघत राहिली.

"कुणाची वाट बघून राह्यली?"

"कुणाची न्हाई, सर."

घड्याळ तिनं बंद केलं नाही. घरी आणून खिळ्याला अडकवलं. ते दिवसभर चालत राहिलं.

दिवेलागणीला आई भाकरी थापत होती. मोनाली तिच्याशेजारी बसली होती, हातपाय धुऊन, केव्हाचीच.

खिळ्यावर पिक वाजलं.

आईनं मान वर केली नाही. "किती उशीर गं," ती दाराच्या दिशेनं म्हणाली. "पाय धू आधी." आणि पिठाचा आणखी एक गोळा तिनं हातात घेतला.

बाहेर, बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.