शुक्रवार, अकराची वेळ

मान वाकडी करून घड्याळजी प्रयोगशाळेत शिरला, तेव्हा तिथली तंत्रज्ञ जंतू वाढवायच्या काचेच्या बश्यांवर तारखा टाकत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: मानेवरची जुनी गाठ पिकली आहे, पू तपासावा.

"किती दिवस अंगावर काढलंत?"

"गाठ सहा वर्षांची. ती काही बोलली नाही, मग मीही बोललो नाही."

तिनं हसू दाबलं आणि काडीवर पू घेऊन बशीत पसरला. दोन दिवसांनी पाहते, तर बशी कोरी करकरीत. जंतूच उगवले नाहीत, तर कोणतं औषध लागू पडेल हे कळणार कसं? तिनं फोन केला.

"गळवाला काही लावलं होतंत?"

"स्पिरिटनं पुसून आलो. दुकानातली सवय... न पुसता कुणाच्या हाती काही देत नाही."

"जंतू मारून जंतूंची तपासणी. धन्य आहे तुमची. परत या."

तो आला. बशी परत कोरी. तिसऱ्यांदा आला, तर स्पिरिटचा वास दारातूनच.

"मुद्दाम करताय."

"पहिल्यांदा चूक होती," तो मान खाली घालून म्हणाला. "नंतर वाटलं... जंतू सापडले, की तुम्ही कशाला बोलावताय."

"विष रक्तात भिनलं, तर कुणीच बोलावणार नाही. बसा."

ती भडकली होती, आणि आतून भलतीच सुखावली होती. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्याला ठणाणा बोलायची सवय, त्यामुळे ऐकू सगळ्यांनाच गेलं.

"पुढच्या शुक्रवारी अकराला सर्जनकडे. गाठ गेली की चौथं स्थळ येतंय. आता नाट लावू नकोस."

तिच्या स्वतःच्या कानाखाली आवळ्याएवढी मऊ गाठ होती. नुसती चरबीची, तपासून झालेली, निरुपद्रवी. तीन स्थळांनी तेवढ्यावरून नकार दिला होता. रोजच्या कटकटीला कंटाळून ती शस्त्रक्रियेला हो म्हणाली, आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडून होती.

"दुखते?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग काढताय कशाला?"

"लोकांना दिसते म्हणून."

"मग ऑपरेशन त्यांच्या डोळ्यांचं करायला हवं."

 गळू मिठाच्या पाण्यानं धुऊन तिनं आतला ताजा पू घेतला. या वेळी बशीभर सोनेरी ठिपके उगवले.

"स्टॅफिलोकोकस, गळवातले जंतू," तिनं बशी त्याच्यासमोर धरली. "अस्सल तुमचे."

औषध लागू पडलं, सूज उतरली. पण गाठीची पिशवी आत राहिली तर गाठ पुन्हा पिकणार, असं डॉक्टरांनी बजावलं. ते सांगायला तो आला, तेव्हा तिनं त्याच्यासमोरच फोन लावला.

"आत्या, मी शुक्रवारी जाणार नाही. गाठ राहणार. चौथ्या स्थळाला सांग, या वेळी नकार मुलीकडून आहे."

"डोकं फिरलंय तुझं. जन्मभर घरी बसशील."

"बसेन. पण कुणाच्या पसंतीसाठी अंगावर सुरी चालवून घेणार नाही."

तिनं फोन ठेवला. 

"शुक्रवार, अकरा वाजता," ती त्याला म्हणाली. "सर्जनकडे माझ्या जागी तुमचं नाव घातलंय. तुमची काढायलाच हवी, ती त्रास देते."

"आणि तुम्ही?"

"तुम्ही मला आवडता... म्हणून मी बाहेर बाकावर बसणार आहे. आत्याला मुलगा बघायला यायचं असेल, तर शेजारी जागा ठेवते."