येलहंक्याचा खडूस म्हातारा

बेंगळुरूत मराठी बोललं की आजूबाजूच्या कुणाला काही कळत नाही, अशी मेघाश्रीची लहानपणापासूनची समजूत होती. जयनगरच्या बाजारात दुकानदाराच्या तोंडावरच साडीला नावं ठेवायची, रिक्षात बसून रिक्षावाल्याच्या मिशांवर हसायचं... आईपासून चालत आलेली ही घरची चैन. त्या सकाळी येलहंक्याच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या त्या उंच गोल टेबलाशी, समोर खारा बात, म्हणजे तिखट सांजा, ठेवून ती थोरल्या बहिणीशी, सुप्रीताशी, फोनवर अशीच मनमोकळी बोलत होती.

"अगं अक्का, सगळ्या विभागांनी होकार दिला, एकटा हाच उरलाय. योगीराज म्हणे! सर्व्हिस विभागातला कुणी खडूस म्हातारा असणार. जुन्या माहितीवर नागासारखा वेटोळं घालून बसलाय. मेलला उत्तर नाही, फोनला उत्तर नाही. तोंडात दात नसतील, पण हट्ट बघ! आज कान धरूनच सही घेते."

टेबलाच्या पलीकडे एक तरुण वडा सांबारात बुडवत होता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं वडा खाली ठेवला, रुमालानं ओठ टिपले आणि शांतपणे म्हणाला,

"दात आहेत. सगळे. मोजून बघा की."

मेघाश्रीचा चमचा बातात तसाच उभा राहिला.

"तुम्ही—"

"योगीराज. निपाणीचा. म्हातारा व्हायला अजून जरा अवकाश आहे. खडूस म्हणालात ते मात्र बरोबर."

फोनमधून अक्का "काय झालं गं? कोण बोलतंय?" म्हणून ओरडत होती. मेघाश्रीनं फोन बंद केला. दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. ही गेली नाही, कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"कॉफी घेणार? बाय-टू सांगतो," तो म्हणाला. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घ्यायची ही या शहराची जुनी रीत, पण ती ओळखीच्या माणसांची.

"मला अख्खी कॉफी लागते," मेघाश्री म्हणाली. "आणि कान धरायचं मी अजून मागे घेतलेलं नाही."

तो हसला. तेव्हा दिसलं, दात खरंच सगळे होते.

पाण्याचे पंप बनवणारी ती दोघांची जुनी कंपनी. मेघाश्री बसायची ते मोठं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, गोदाम आणि दुरुस्ती येलहंक्याला. वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी, बिलं आणि दुरुस्त्यांच्या नोंदी कॉम्प्युटरात साचून साचून यंत्रणा अशी जड झाली होती की एक बिल निघेपर्यंत चहा निवावा. फाटकाशी ट्रक ताटकळत. जुनी माहिती बाजूला काढून नीट जपून ठेवायची, म्हणजे रोजचं काम पुन्हा पळायला लागेल, हे मेघाश्रीचं काम. एवढं मोठं काम स्वतःच्या हिमतीवर ती पहिल्यांदाच करत होती.

"घरातलं जुनं सामान माळ्यावर टाकतो तसंच हे," तिनं त्याला त्याच्या टेबलाशी बसून समजावलं. "भंगारात नाही घालत. माळ्यावर ठेवतो."

"आणि माळ्यावरून कधी कुणी काही खाली काढलंय?"

"आमच्या घरी काढतात."

"आमच्या इथे नाही काढलं." त्याचा आवाज बदलला. "मी नवा होतो तेव्हा असंच एकदा सगळं हलवलं. मग तिपटूरचे शिवाप्पा आले, नारळाच्या बागेतली मोटर घेऊन. आमच्या वडिलांच्या वयाचे. कॉम्प्युटर म्हणाला, असा पंप आम्ही विकलाच नाही. त्यात तार कुठली भरायची, कुणाला ठाऊक? त्यांनी मोटर उचलून परत टेम्पोत ठेवली. आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मागाहून फोन करकरून मी त्यांची माहिती परत भरली. ते बघणं काही मला पुन्हा नको."

मेघाश्रीनं खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. शब्द देते. ज्या दिवशी तुम्हाला जुनी नोंद सापडणार नाही, त्या दिवशी फोन करा. मी स्वतः इथे येऊन शोधून देईन."

"बेळ्ळंदूरहून? त्या ट्रॅफिकमधून?"

"त्या ट्रॅफिकमधून."

त्यानं सही केली नाही, पण चाचणीला हो म्हणाला. चाचणी झाली आणि मेघाश्री डोक्याला हात लावून बसली. बाकी सगळ्या विभागांची जुनी माहिती सरसर बाजूला गेली. योगीराजच्या विभागातलं पानही हललं नाही. कॉम्प्युटरच्या मते तिथे जुनं काही नव्हतंच, सगळं कसं कालपरवाचं!

कारण शोधायला ती शनिवारी येलहंक्याला गेली. खिडकीबाहेर गुलाबी फुलांनी झाड नुसतं डवरलं होतं आणि योगीराज फोनवर होता. कधी कन्नड, कधी मराठी.

"नमस्कार अण्णा, पंप कसा चाललाय?... आणि मुलीचं लग्न? ठरलं? वा!"

बोलता बोलता त्याची बोटं कीबोर्डवर चालत होती. फोन ठेवला, दुसरा लावला. मेघाश्री मान वाकडी करून पडद्याकडे बघत राहिली. त्या जुन्यापुराण्या नोंदीत तो लिहीत होता, 'मुलीचं लग्न ठरलं.' त्याच्या वर होतं, 'गुडघा दुखतो, विचारणे.'

"हे तुम्ही दर शनिवारी करता?"

"मग? माणूस पंप घेतो म्हणजे एकदा घेऊन विसरतो का? रोज त्याचंच पाणी पितो की."

तिला हसू फुटलं, ते थांबेचना. "अय्यो! बरीच वर्षं ज्याला कुणाचा हात लागला नाही ते जुनं, असा नियम लावलाय मी. आणि तुम्ही प्रत्येकाला हात लावताय. तुमच्याकडे काही जुनं होणार कसं?"

"मग आता? फोन बंद करू?"

"खबरदार!" ती इतक्या जोरात म्हणाली की दोघंही दचकली. मग जरा हळू, "नियम बदलते मी. शेवटची दुरुस्ती कधी झाली ते धरते. आणि तुमच्या या लग्नांना, गुडघ्यांना वेगळी जागा देते. ती कधीच बाजूला जाणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. हातातला फोन पलीकडून "हलो, हलो" करत होता.

त्या शनिवारनंतर तिला येलहंक्याची बरीच कामं निघू लागली. कधी बटण दाखवायला, कधी दाखवलेलं बटण पुन्हा दाखवायला. "इथे दाबलं की माळा उघडतो," ती सांगायची. "इथे?" तो मुद्दाम भलतीकडे बोट न्यायचा. "स्वल्प डावीकडे..." आणि बोटाला बोट लागलं की दोघंही पडद्याकडे फार लक्ष देऊन बघायची.

शेवटी त्यानं सही केली. सुट्टीच्या दोन दिवसांत सगळं जुनं जागच्या जागी गेलं. सोमवारी बिलं भराभर निघाली, दुपारपर्यंत फाटकाशी एक ट्रक उरला नाही. मोठ्या साहेबांनी मेघाश्रीची पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून पुढचं काम दिलं. पुण्याचं. पुढच्याच आठवड्यात निघायचं.

योगीराजला कळलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "छान झालं की." तीही म्हणाली, "हो, छान झालं." आणि आता येलहंक्याला जायला काही निमित्तही उरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती टेबल आवरत होती आणि फोन वाजला.

"शिवाप्पा आलेत," योगीराजचा आवाज. "मोटर घेऊन. नोंद... सापडत नाही."

मेघाश्रीनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं. क्षणभर पाहतच राहिली.

"येते," ती म्हणाली.

रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. वाटेत तिनं रिक्षा थांबवली, फूलवालीकडून मोळभर, म्हणजे हातभर, मोगरा मापून घेतला, वेणीत माळला, आणि पुन्हा त्या गर्दीत शिरली.

पोचली तेव्हा शिवाप्पा स्टुलावर बसून निवांत कॉफी पीत होते. मोटर टेबलावर उघडी पडली होती आणि कारागीर तिच्यात नवी तार भरत होता. योगीराज दारातच उभा होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"नोंद सापडत नव्हती ना?" मेघाश्रीनं विचारलं.

"नंतर... सापडली." त्याची नजर तिच्या वेणीवर गेली. "एवढी धावत आलात, आणि गजरा घ्यायला थांबलात?"

"थांबले. घाई नव्हती. माळ्यावरची नोंद कुणी उघडली की मला तिकडे दिसतं. शिवाप्पांची तुम्ही फोन करायच्या आधीच उघडली होती."

योगीराजचे कान लाल झाले. आता त्याची पाळी होती.

"माहीत होतं... तरी आलात?"

"शब्द दिला होता," ती म्हणाली. मग त्याच्या डोळ्यांत सरळ बघून, "आणि नुसत्या शब्दासाठी नाही आले."

शिवाप्पांना मराठी येत नव्हतं, पण तेवढं त्यांना कळलं. ते कन्नडमध्ये म्हणाले, "मोटर व्हायला वेळ आहे. तुम्ही जा पोरांनो, स्वल्प कॉफी घेऊन या."

त्याच दर्शिनीत, त्याच उंच टेबलाशी दोघं उभी राहिली.

"पुण्याला..." त्यानं सुरुवात केली, आणि अडला. "माणूस लांब गेलं म्हणून विसरायची रीत नाही माझ्याकडे. शनिवारी फोन करीन. पण एक सांगतो, नुसत्या शनिवारावर माझं भागणार नाही. मला तुम्ही..." कान पुन्हा लाल. "हे कन्नडमध्ये सांगू का?"

"थांबा," मेघाश्री म्हणाली. तिनं काउंटरकडे बघून बाय-टू कॉफी सांगितली आणि फोन लावला. त्याच्याकडे बघत, चांगल्या खणखणीत मराठीत, सगळ्या दर्शिनीला ऐकू जाईल अशी बोलली.

"अक्का? रविवारी चिरोटी कर. त्या येलहंक्याच्या खडूस म्हाताऱ्याला घरी घेऊन येतेय... हो, तोच. नाही गं, जेवायला नाही नुसतं, दाखवायला... पुण्याचं काम करून येईन की परत, पळून जातेय का मी?... काय?"

तिनं पलीकडे बघितलं. योगीराज दोन पेल्यांत कॉफी सारखी वाटायला बघत होता. तरी तिच्या पेल्यात जरा जास्तच पडत होती. तो हसत होता.

"हो अक्का," मेघाश्री म्हणाली. "आहेत दात. सगळे."