पाहुण्यांचं पाणी

"आधी तळ्यावर!" लहानू म्हणाला.

"आधी लूम!" सुचेताने पाय आपटला. "नाशिकहून मी काय तळं बघायला आलेय? आमच्याकडे अख्खी गोदावरी आहे!"

"कापड विणायचा लूम काय बघायचाय? खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक! दहा मिनिटांत बहिरी होशील. मग चंपाताई बोलेल आणि तुला काही ऐकूच येणार नाही."

"ते एक बरंच होईल!"

चंपाने दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला. "आधी लूम, मग तळं आणि मग माझ्या हातचा मार. ठरलं!"

शहाण्णव सालच्या मे महिन्यातली ती सकाळ होती. सुचेताचे बाबा प्रभाकर सबनीस आणि चंपा-लहानूचे बाबा रामदास जाधव भिवंडीच्या पोस्टात बारा वर्षं एकत्र होते, एक कारकून आणि दुसरा पोस्टमन. मग सबनिसांची नाशिकला बदली झाली. 'यंदा सुट्टीत नक्की येतो' असं दर वर्षी पत्रात लिहिता लिहिता सहा वर्षं उलटली. यंदा मात्र ते खरंच आले. पत्नी सुमती, तेरा वर्षांची सुचेता आणि सहा वर्षांचा चिंतामणी ऊर्फ चिंतू अशी सगळी वरात तीन दिवसांपूर्वी भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत उतरली.

रामदासकाकांचा आनंद काय विचारता! नळाला दिवसाआड पाणी, पाहुण्यांची गैरसोय नको, म्हणून त्यांनी खास नवं निळं पिंप आणलं. त्यांच्या पत्नी शेवंताकाकूंनी त्यात वाळ्याची जुडी टाकली. ते गार, सुगंधी पाणी फक्त पाहुण्यांचं! घरच्यांनी आपलं दाराशी ठेवलेल्या जुन्या माठातलं प्यायचं. लहानूने एकदा चोरून पेला बुडवला, तर काकूंनी त्याचा कानच धरला.

"आम्ही नुसता वास घ्यायचा!" तो कुरकुरला.

तेवढ्यात आतून ओकारीचा आवाज आला. पाठोपाठ सुमतीबाईंची किंकाळी. "अहो, चिंतू बघा कसा करतोय!"

लूमही राहिला आणि तळंही राहिलं.

चिंतू घामाने निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती. आदल्या दिवशी सुचेताच्या बाबांना मळमळत होतं, आईचं डोकं गरगरत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी चष्मा वर करून सांगितलं होतं, "ऊन लागलंय. तासातासाला मीठ-साखरेचं पाणी पाजा." आणि सुमतीबाई रात्रभर पाजत होत्या. तरी पोरगं सुधारायचं सोडून खालावतच चाललं होतं.

रामदासकाकांनी रिक्षा आणली. चिंतूला उचलताना सुचेताने पाहिलं, त्याच्या दंडाचं मांस आपोआप थडथड उडत होतं. ती इतकी घाबरली की तिला रडूही येईना.

रिक्षात बसता बसता सुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तुम्हाला, लॉजवर उतरू. सगळ्यांच्या घरचं खाणं-पाणी सगळ्यांना सोसत नाही." त्यांनी आवाज दाबला होता, पण दारातल्या चंपाला तो नीट ऐकू गेला. शेवंताकाकू पाहुण्यांच्या पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या आणि त्यांनी ती सुमतीबाईंच्या हातात दिली. चौघं मोठे आणि चिंतू सरकारी दवाखान्यात गेले.

पोरं मागे उरली. 'सगळ्यांच्या घरचं' म्हणजे कुणाच्या, हे चंपाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत तिने ते दोन-तीनदा ऐकलं होतं.

"माझ्या आईने तुमच्यासाठी तांब्ये तीन-तीनदा घासले," ती म्हणाली.

सुचेताचे कान लाल झाले. आपल्या आईची तिला लाज वाटली आणि आईसाठी वाईटही वाटलं. "मला ठाऊक आहे गं. पण चिंतूला झालंय काय? ऊन लागलं असतं तर सगळ्यांत आधी आपल्यालाच लागायला हवं होतं. आपण उन्हात उंडारतो, तो घरात झोपतो!"

"आजारी कोण कोण?" लहानू बोटं मोजायला लागला. "चिंतू, तुझे बाबा, तुझी आई. नुसते पाहुणे!"

"मी पण पाहुणीच ना? मग मी का नाही?"

"तू काय जेवलीस?"

"सगळे जेवले तेच. एकाच पातेल्यातलं."

"आणि पाणी?"

सुचेता थबकली. वाळ्याचा तो वास तिला पहिल्याच दिवशी उग्र वाटला होता. काकूंना वाईट वाटू नये म्हणून ती गुपचूप दारातल्या माठातलं पाणी पीत होती.

चंपाने आत मोरीकडे पाहिलं. निळं पिंप तिथे ऐटीत उभं होतं. बाबांनी ते स्वतःच्या डोक्यावरून आणलं होतं. पिंपात खोट निघाली तर सुचेताच्या आईचं म्हणणं खरंच ठरणार होतं! आपण गप्प बसलो तर? मग तिला चिंतूचा उडणारा दंड आठवला.

"पिंप," ती म्हणाली. "फक्त पाहुण्यांनी प्यायलंय ते पिंपातलं पाणी आहे."

"नुसतं म्हणून कोण ऐकणार?" सुचेता म्हणाली. "चाळीत आणखी कुणी असलं पिंप घेतलंय?"

पोस्टमनचा मुलगा तो, लहानूला चाळीतलं प्रत्येक दार पाठ! "दोघांनी. ठकुबाईंनी आणि ठमाबाईंनी."

ठकुबाईंच्या घरात त्यांचा नवरा चार दिवसांपासून अंथरुणावर होता. ओकाऱ्या, घाम, लूमवरची ड्युटी बुडाली. मोरीत निळं पिंप, त्यात वाळ्याची जुडी, जुडीला तांबड्या सुताचा फेरा.

"आमच्याही जुडीला तांबडंच सूत आहे!" चंपा कुजबुजली.

शेवटची खोली ठमाबाईंची. दार उघडंच होतं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि वर बांधलेला पाळणा रिकामा होता. सहा दिवसांपूर्वी तिची दीड वर्षांची नात गेली होती. उन्हानं गेली, असं सगळी चाळ म्हणत होती.

चंपा तिच्याजवळ खाली बसली. "आजी, ते पिंप कधी घेतलंत?"

"पंधरा दिस झालं आसतील. पोरीला उन्हाळ्याचं आंघोलीला, प्यायला पानी लागंल म्हनून घेतला," ठमाबाई म्हणाली. "पिंपवाल्या दामूनं दिलान. वाला बी दिलान वर. चांगला मानूस हाय."

पिंपात तांबड्या सुताची जुडी तरंगत होती. सुचेताने वाकून वास घेतला. वरचा वाळ्याचा वास ओसरला होता आणि त्याखालून दुसराच, शेतातल्या फवारणीसारखा वास येत होता. तिने पिंपाला सगळा जोर लावून धक्का दिला. पाणी मोरीतून भसाभस वाहून गेलं.

"आगं बाय, दोन दिसांचं पानी!" म्हातारी कळवळली.

"आजी, हे पिऊ नका! चंपा, वाळा घरोघर माठात घालतात, पण पिंपवाला तो फुकट का वाटतो? वास लपवायला!" आणि मग तिला आठवलं. "बाटली! काकूंनी दवाखान्यात दिलेली बाटली! तीही आपल्या पिंपातलीच!"

"लहानू, पळ!" चंपा ओरडली. "काही कर, पण ती बाटली चिंतूच्या तोंडाला लागू देऊ नकोस!"

लहानू वाक्य संपायच्या आत जिन्याखाली होता.

"आणि आपण दामूकडे," सुचेता म्हणाली. "पिंपात आधी काय होतं ते कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?"

दामूचा वाडगा, म्हणजे कुंपण घातलेलं आवार, कामतघरच्या टोकाला होता. वडपे गावच्या गोदामांतून तो रिकामी पिंपं आणायचा, त्यांवरचे कागद खरवडायचा, धुऊन विकायचा. त्या वेळी तो दाराशी बसून वाळ्याच्या जुड्या बांधत होता. मांडीवर तांबडं सूत!

"दामूकाका," चंपा ठसक्यात म्हणाली, "खारबावला माझ्या मावशीचं लग्न आहे. वीस पिंपं लागतील, पंगतीच्या पाण्याला."

"बीस? बस, ले जाव ना! एकदम मस्त माल हाय!" दामूची कळी खुलली.

"वाळा पण देणार ना?"

"फुकट! पहिले आठ दिवस पाण्याला जरा वास मारतो ना, म्हणून."

"कसला वास?"

"नव्या प्लॅस्टिकचा गं! तू लहान हायस, तुला न्हाय कळायचा."

चंपाला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. ती हसली आणि तिने एकेक पिंप वाजवून बघायला सुरुवात केली. हे चेपलंय, त्याला झाकण नाही, याचा रंगच उडालाय! दामू एकेक पिंप काढून दाखवत राहिला. एव्हाना सुचेता मागच्या बाजूने कुंपणाखालून आत सरकली होती.

मागे न धुतलेल्या पिंपांची उतरंड होती. बहुतेकांवरचे कागद निघाले होते. एका पिंपावर मात्र पूर्ण कागद होता. कवटी, तिच्याखाली लाल रंग आणि बारीक इंग्रजी अक्षरं. सुचेता नखांनी कागद सोडवू लागली. नख उलटलं, रक्त आलं, तरी ती थांबली नाही. कागद टर्रकन सुटला.

"ए! कोन हाय तिकडं?" दामू उठला.

"पळ, सुचेता!" चंपाने समोरच्या उतरंडीला खांदा दिला. धडाधड पिंपं गडगडली, एक दामूच्या पायांत आलं आणि तो सुतासकट आडवा झाला!

मुलींनी रस्त्यावर रिक्षा थांबवली तेव्हा दोघींना धाप लागली होती. "सरकारी दवाखाना! माझा भाऊ..." सुचेता म्हणाली. रिक्षावाल्याने एकदा तिच्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता हँडल ओढलं.

दवाखान्यात वेगळाच गोंधळ होता. लहानूने सुमतीबाईंच्या हातातली बाटली हिसकावून जमिनीवर ओतली होती, म्हणून रामदासकाकांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती. तो गाल धरून उभा होता, पण रिकामी बाटली त्याने सोडली नव्हती.

सुचेताने कागद डॉक्टरीणबाईंपुढे धरला. "असा कागद असलेल्या पिंपातलं पाणी प्यायलाय तो! तीन दिवस!"

बाईंनी कागद वाचला. "कीटकनाशक! तरीच डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. अहो, मी तुम्हाला विचारलं होतं, घरात असलं काही औषध आहे का, तर सगळे नाही म्हणालात!" त्या वळल्या. "सिस्टर, इंजेक्शन! पळा!"

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते त्या चौघा मोठ्यांना आणि तीन पोरांनाच माहीत. रामदासकाका भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मी आणलं ते पिंप," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी बाई बाहेर आल्या. चिंतूची लाळ थांबली होती, श्वास नीट चालू होता. "आणखी दोन-चार घोट गेले असते, तर मला काही करता आलं नसतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लहानूच्या लाल गालावर हात ठेवला.

ठकुबाईंच्या नवऱ्यालाही त्याच दिवशी दवाखान्यात आणलं. पोलिसांनी दामूला धरलं, तेव्हा तो गयावया करत होता. "साब, मी दोन-दोन वेळा सोड्यानं धुतो! खोटं न्हाय! माझी आई पण त्याच पिंपाचं पाणी..." वाक्य अर्धंच राहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पोलिसांनी जीप आधी त्याच्या घरी नेली.

चौथ्या दिवशी चिंतू घरी आला. चाळ गॅलरीत जमली. चाळीतले सगळ्यांत वडील तात्या काठी टेकत पुढे आले. "तिघांनी चाळीचं नाव काढलं! आम्ही म्हातारे उन्हाला शिव्या देत बसलो आणि पोरांनी डोकं चालवलं!" सुचेताच्या बाबांनी रामदासकाकांना हाताला धरून बाहेर आणलं. "रामदास, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं," ते म्हणाले. दोघांचेही डोळे भरून आले.

सुमतीबाई मात्र शेवंताकाकूंसमोर उभ्या होत्या. "वहिनी, मी त्या दिवशी रिक्षात बसताना जे बोलले..."

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या.

"चुकलं माझं. बोलायला नको होतं आणि मनातही यायला नको होतं."

काकूंनी 'असू दे' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "चिंतूला मऊ भात चालेल ना?" आणि त्या आत गेल्या. सुमतीबाई त्यांच्या मागोमाग तांदूळ निवडायला गेल्या.

सगळे पोरांच्या पाठी थोपटत होते. सुचेता कौतुकाने फुलली होती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि ठमाबाई पुढे आली. तिने सुचेताच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"हुशार हायस गो बाय," ती म्हणाली. "तुझा भाव वाचला, लई बरा झाला." मग तिने वळून आपल्या खोलीकडे पाहिलं. "तुमची सुट्टी आठ दिस आगुदर न्हवती का गो लागली?"

सुचेताने म्हातारीचा हात घट्ट धरला, दुसरा हात चंपाने धरला आणि दोघी तिला सावकाश तिच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या.