पहिल्या उपदेशाचा सूर

बुधवारी दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. म्हणूनच तर मी रिकाम्या बाकांना उपदेश करत होते, बायबलमधल्या हागारचा, लेकरासकट वाळवंटात हाकललेल्या दासीचा.

"हागारनं पखाल उलटी केली... थेंब नाही! लेकराला झुडपाखाली टाकलं... आणि आकाशातून हाक आली—"

इथे खरं तर आवाज चढायला हवा. आमच्या मिसिसिपीत उपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो आणि ऑर्गन त्याला ओळीओळीला हुंकार देतो. मी मात्र नेहमीसारखी तिथेच थबकले...

आणि ऑर्गननं हुंकार दिला!

मी किंचाळलेच. ऑर्गनखालून एक हात वर आला होता, थेट पट्ट्यांवर. मग जळमटांसकट डोकं आलं.

"केवढं घाबरवलंत!"

"तुम्हीच घाबरवलंत, सिस्टर. मी इथे पायपट्ट्या दुरुस्त करतोय आणि वर लेकरू मरायला टेकलंय. पुढे काय झालं?"

"बायबल वाचत नाही वाटतं?"

"वाचतो. पण तुमच्या तोंडून कुठे ऐकलंय?"

हा थॅडियस बॉयकिन. मागच्याच आठवड्यात मेम्फिसहून आलेला आमचा नवा ऑर्गनवादक. आणि मी व्हर्लिन टेट, शाळेत भूगोल शिकवणारी. रविवारी माझा परीक्षेचा उपदेश होता. तो ऐकून मंडळी हात वर करून ठरवणार होती, मला उपदेशिका म्हणायचं की नाही. आमच्या चर्चमध्ये त्या जागी बाई कधी उभीच राहिली नव्हती. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन पर्विसनी आधीच बजावलं होतं, "बोल हवं तेवढं, पोरी. गायचं नाही. ते पुरुषांचं काम."

"तुम्ही कुठल्या सुरात चढणार?" थॅडियसनं विचारलं.

"येईल त्या."

"मग मला सारखं तुमच्याकडेच बघावं लागेल."

"सगळेच बघतील."

"ते उपदेश ऐकायला..." तो म्हणाला आणि जळमटं झटकू लागला. माझे कान तापले.

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीही आम्ही सराव केला. तो तळलेल्या मासळीचं सँडविच आणायचा, अर्धं मला द्यायचा आणि मोठं अर्धं देताना लहान दिल्यासारखं करायचा.

रविवारी चर्च गच्च भरलं. कागदी पंखे फडफडत होते. उपदेशाआधी डीकन पर्विस ऑर्गनपाशी जाऊन थॅडियसच्या कानात काहीतरी बोलले. त्यानं होकारार्थी मान हलवली.

मी हागारला वाळवंटात नेलं. पखाल उलटी केली. ती जागा आली, आणि या वेळी मी थबकले नाही... आवाज सोडला!

ऑर्गन गप्प.

दुसरी ओळ गायले. गप्पच. थॅडियसचे हात गुडघ्यांवर होते. पंखे थांबले. तीन दिवसांची सगळी गोडी... ती काय यासाठी? मग मात्र माझं डोकं फिरलं.

"ब्रदर बॉयकिन! हात घरी विसरलात की काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. तो उठून उभा राहिला.

"डीकन म्हणाले, वाजवलंस तर उद्यापासून दुसरं चर्च बघ. पण माझ्या बापानं शिकवलंय, उपदेश चालू असताना वादकाला हुकूम फक्त उपदेशकाचा. दुसऱ्या कुणाचा नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणून थांबलोय, सिस्टर. तुम्ही उपदेशिका आहात ना?"

हा नियम त्या छपराखाली प्रत्येकाला ठाऊक होता. डीकन पर्विसनाही... त्यांचा जबडा खाली आला होता.

"आहे," मी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं गं!" पहिल्या बाकावरून मदर एस्टेल ओरडल्या. चर्चमधल्या सगळ्यांत थोरल्या, वय एक्क्याण्णव.

"आहे! वाजवा!"

आणि त्यानं वाजवलं... देवा रे, काय वाजवलं! "हागार, तुला काय झालं? भिऊ नकोस!" मी गात होते, ऑर्गन "भिऊ नकोस" म्हणत होता, आणि चारशे पाय जमिनीवर ताल धरत होते. प्रभू इतका जवळ मला कधीच वाटला नव्हता.

हात वर करायची वेळ आली. पहिला हात वर गेला मिसेस पर्विसचा, पंख्यासकट. मागोमाग बाकीचेही गेले, आणि मी उपदेशिका झाले. डीकन बायकोकडे असे बघत राहिले, जणू आजच ओळख झाली.

बाहेर थॅडियस गाडीत स्वरलिप्या भरत होता.

"कामावरून काढलं?" मी विचारलं.

"काढलं."

"माझ्यामुळे... आणि हसताय कसले?"

"चर्चच्या वादकानं उपदेशिकेला जेवायला नेऊ नये, हाही डीकनचाच नियम. आता मी कुठल्याच चर्चचा नाही."

"अहो, पण तुमचं—"

"काम मिळेल. आवडता तुम्ही मला, व्हर्लिन. गाताना आवडता. चिडलात तेव्हा तर... फारच."

अर्ध्या तासापूर्वी दोनशे माणसांना रडवणारी मी! आता उगाचच हातातल्या बायबलची पानं चाळत होते. रस्त्यापलीकडून डीकन पर्विस टक लावून बघत होते.

"थॅडियस," मी म्हणाले. 'ब्रदर' लावायचं राहूनच गेलं. "दार उघडा गाडीचं. भूक लागलीय."